तुरुंगात एक माणूस ठेवायला किती खर्च येतो, आणि तो मुळात आत का आहे?

रानजाई | सोमवार, रात्री ९:२०

एनसीआरबी, म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी देशातल्या तुरुंगांची आकडेवारी काढते. अहवाल जाडजूड, तक्ते रटाळ, त्यामुळे पेपरात बातमी येते ती एवढीच की तुरुंग खच्चून भरलेत. या वेळी मी खर्चाचे तक्ते उघडून बसले. मुद्दाम २०१९-२० चं वर्ष घेतलं, कारण पुढची दोन वर्षं कोविडनं वेडीवाकडी करून टाकली.

त्या वर्षी देशभरच्या तुरुंगांवर प्रत्यक्ष खर्च झाला सुमारे ५,९५८ कोटी रुपये. २०१९ च्या अखेरीस आत होते ४,७८,६०० लोक. भागाकार केला की डोक्यामागे वर्षाला जवळपास सव्वा लाख, दिवसाला ₹३४०.

आता यातले थेट कैद्यांवर किती? जेवण, कपडे, औषधपाणी, शिक्षण सगळं धरून २,०६१ कोटी, म्हणजे दिवसाला ₹११८. त्यातलं नुसतं खाणंपिणं ₹५६ चं, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण मिळून माणशी वर्षाला ₹४७०. वर्षाला म्हणतेय, महिन्याला नाही. सुधारगृह म्हणायचं आणि सुधारणेवर महिन्याला चाळीस रुपयेही खर्च करायचे नाहीत, हे मला जरा जास्तच झालं.

पण खरी मेख पुढे आहे. त्या ४,७८,६०० पैकी ३,३०,४८७ जण कच्चे कैदी होते, ६९ टक्के. खटला संपलेला नाही, दोषी ठरलेले नाहीत. २०२२ च्या अखेरीस हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर गेलं: एकूण ५,७३,२२०, कच्चे ४,३४,३०२. त्याच वर्षी देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून मंजूर क्षमता होती ४,३६,२६६. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी तुरुंग भरलेलेच असते.

तुरुंगाला पर्याय असा विषय निघाला की कुणीतरी नॉर्वेच्या तुरुंगाचे फोटो टाकतं, मग 'आपल्याकडे हे शक्य नाही' यावर एकमत होतं आणि धागा मरतो. म्हणून आधीच सांगते. आपल्याकडचा सगळ्यात मोठा पर्याय कायद्यात कधीपासून बसलाय, तो म्हणजे जामीन. माझं म्हणणं एवढंच की तो मंजूर होऊनही माणूस बाहेर का येत नाही, त्यावर आधी बोलू. खुली कारागृहं, समाजसेवेची शिक्षा, पायात जीपीएस, हे सगळं त्यानंतर.

---

टांगमारू | सोमवार, रात्री ९:४१

गुन्हा करू नये, आत जाऊ नये. हाकानाका.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९:४८

टांगमारू, गुन्हा केला की नाही हेच अजून ठरायचंय. पंचाहत्तर टक्के लोकांचं.

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११:०५

धागा चांगला आहे, पण ₹३४० वर थोडं पाणी ओततो. तो सरासरी खर्च झाला. उद्या एक कच्चा कैदी सुटला तर सरकारचे ₹३४० वाचत नाहीत. शिपायाचा पगार तोच, वीज तीच, भिंतीची डागडुजी तीच. वाचलेच तर जेवण, साबण, औषध एवढंच, म्हणजे ₹११८ च्या आतबाहेर. त्यामुळे 'तीन लाख तीस हजार गुणिले सव्वा लाख, चार हजार कोटी वाचले' असा गुणाकार कुणी करणार असेल तर आत्ताच थांबवा.

बचत व्हायची तर ती टप्प्यानं होते. शंभर-दोनशे लोक कायमचे कमी झाले की नवी बराक बांधावी लागत नाही. हजार कमी झाले की नवा तुरुंग बांधावा लागत नाही. तिथे शेकडो कोटी असतात: जमीन, बांधकाम, पुढे कायमची पदं. म्हणून मी हिशेब असा मांडेन की सध्या चालू असलेल्या तुरुंगांतून फारसं काही वाचणार नाही, पण न बांधलेल्या तुरुंगातून वाचेल.

आणखी एक. कच्च्या कैद्याला तारखेला न्यायचं म्हणजे पोलीस, गाडी, डिझेल. हा खर्च पोलीस खात्याच्या नावावर पडतो, तुरुंगाच्या तक्त्यात दिसत नाही. म्हणजे रानजाई यांचा आकडा एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी, असं दोन्ही आहे.

---

मृण | मंगळवार, सकाळी ७:१०

वाचतेय. हिशेबनीसकाका नेहमीप्रमाणे मूड घालवणारे आणि बरोबर.

---

वकीलबाई | मंगळवार, दुपारी १:३५

मी लीगल एडची, म्हणजे गरिबांसाठीच्या मोफत कायदेशीर मदतीची, कामं करते, त्यामुळे हा रोजचा विषय. जामीन मंजूर होणं आणि माणूस गेटबाहेर येणं यांच्यामध्ये काय काय असतं ते सांगते, कारण बातम्यांमध्ये ते कधीच येत नाही.

आदेशात साधारण असं लिहिलेलं असतं: पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीनं स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. ऐकायला किरकोळ वाटतं. आता जामीनदार आणा. त्याचं मूळ रेशनकार्ड, आधार, राहत्या घराची करपावती किंवा सातबारा, नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या. कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. मग पोलीस ठाण्यातून पत्त्याची पडताळणी. साहेब बंदोबस्ताला गेले असतील तर पडताळणी पुढच्या आठवड्यात. माझे बरेचसे अशील बांधकामावरचे, हॉटेलातले, सिग्नलवरचे. रेशनकार्ड असलंच तर दुसऱ्या राज्यातलं. ओळखीचा माणूस म्हणजे मुकादम, आणि मुकादम न्यायालयाची पायरी चढायला तयार नसतो.

ही अडचण कालची नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावानं जामीन राहायची तयारी दाखवली तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी ते सगळं मोडीत काढलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कैदी समोर आले, ज्यांनी आरोप सिद्ध झाल्यावर मिळाली असती त्याहून जास्त शिक्षा खटल्याआधीच भोगली होती. इतकी वर्षं लोटली आणि मी अजूनही 'जामीनदार स्थानिकच हवा' हे वाक्य ऐकते.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं याबाबत सविस्तर सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नका, हेही त्यात आहे.

त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. कच्च्या कैद्याला जामिनासाठी ₹४०,००० पर्यंत, शिक्षा झालेल्याला दंड भरायला ₹२५,००० पर्यंत. वर्षाला वीस कोटींची तरतूद. आणि राज्यं तो पैसा वापरत नाहीत म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाला स्मरणपत्रं काढावी लागली! का वापरत नाहीत? जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, न्यायाधीश अशी समिती बसायला हवी. ज्याचा कुणी वाली नाही त्याच्यासाठी पाच मोठ्या माणसांनी एका टेबलाशी जमायचं.

---

बोकापंत | मंगळवार, दुपारी २:२०

वकीलबाई, पण जामीनदाराची अट उगाच नाही आली. न्यायालयाच्या आवारात भाडोत्री जामीनदार फिरत असतात, बोगस रेशनकार्डावर दहा-दहा जणांना जामीन राहिलेले. ते पकडल्याच्या बातम्याही येतात. कागद नीट बघितले नाहीत तर काय होणार?

---

वकीलबाई | मंगळवार, दुपारी ३:०२

पंत, भाडोत्री जामीनदाराची बाजारपेठ तयार कुणी केली? ज्याच्याकडे खरा जामीनदार नाही पण चार पैसे आहेत, तो विकत घेतो. ज्याच्याकडे तेही नाहीत, तो आत राहतो. पळून जाणारा आरोपी यात कुठे अडला? ज्याला पळायचंच आहे तो तर बोगस कागद आनंदानं देईल.

---

कुलूपकिल्ली | मंगळवार, रात्री ८:५०

कारागृह विभागातून निवृत्त. नाव-गाव विचारू नये, तुकड्यातुकड्यानं लिहितो.

हिशेबनीस म्हणतात ते खरं आहे, कैदी कमी झाले म्हणून शिपाई कमी होत नाहीत. पण उलट बाजूनंही बघा. कैदी दुप्पट झाले म्हणून शिपाई दुप्पट झाले का? मंजूर पदांपैकी साधारण ३० टक्के देशभर रिकामीच असतात. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मंजूर क्षमता ८०४ होती. आत कितीतरी वर्षं त्याच्या तिप्पट-चौपट माणसं. तिथे रात्री बराकीत एकानं कूस बदलली की ओळीनं सगळ्यांना बदलावी लागते. अशा ठिकाणी सुधारणा वगैरे विसरा. संध्याकाळची मोजणी जुळली आणि रात्रीत मारामारी झाली नाही की अधिकारी देवाला हात जोडतो.

जामिनाच्या पेटीबद्दल, म्हणजे जामिनाचे आदेश टाकायच्या तुरुंगाबाहेरच्या पेटीबद्दल, लोकांना २०२१ मध्ये कळलं. एका बड्या घरचा मुलगा आत होता आणि सगळ्या वाहिन्या तुरुंगाबाहेर उभ्या होत्या. संध्याकाळची शेवटची वेळ टळून गेल्यावर कागद आला तर तो दुसऱ्या दिवशी उघडायचा. वाहिन्यांना धक्का बसला. आम्हाला नाही, रोज कुणा ना कुणाचं तसं होतच होतं. आता ऑनलाइन आदेश येतात, फरक पडलाय, पण नेट बंद, प्रिंटर बंद, आदेशात नावाचं स्पेलिंग वेगळं, हे चालूच असतं. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं तर माणूस सोडता येत नाही. चुकीचा माणूस सोडला तर चौकशी आमची.

खुल्या कारागृहाबद्दल. आपल्या महाराष्ट्रात हा प्रकार जुना आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ चं, औंध संस्थानच्या काळातलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी सुरू केलं. शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसह राहून शेती करायचे, आजही ती वसाहत आहे. पैठण, येरवडा इथेही खुली कारागृहं आहेत. राजस्थानात तर सांगानेरचा कॅम्प शहरात आहे. कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन कमावतात, संध्याकाळी हजेरी देतात, विजेचं बिलही स्वतःच भरतात. कैद्यांचीच पंचायत असते. आत अंगणवाडीच्या वयाची मुलं खेळत असतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बाप खुनाच्या शिक्षेतले. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर भिंत नाही, टेहळणीचे मनोरे नाहीत, स्वयंपाकघर नाही, पहारा नावापुरता. तरी देशभरात बंद तुरुंग ओसंडतायत आणि खुल्या तुरुंगांत जागा रिकाम्या. पाठवणारी समिती असते, तिच्यापुढे फाइल न्यायची असते, आणि पाठवलेल्यातला एक जरी पळाला तर सही करणाऱ्याचं नाव निघतं. न पाठवल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस आलेली मी पाहिली नाही. सगळं त्यातच आलं.

आणि हो, खुलं कारागृह मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी असतं. कच्च्या कैद्याला तिथे प्रवेश नाही. म्हणजे ज्याच्यावर खून शाबित झालाय तो शेतात, आणि मोबाइलचोरीचा संशयित बराकीत.

---

मृण | मंगळवार, रात्री ९:३०

हे शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसले. कुकिकाका, अजून लिहा.

---

गारवा_०७ | मंगळवार, रात्री १०:१५

सगळे एका सुरात गातायत म्हणून दुसरी बाजू. माझ्या आईचं मंगळसूत्र मोटारसायकलवरून ओढलं. ती पडली, खांदा निखळला, अजून हात वर जात नाही. आरोपी सापडला आणि सुटलाही. सुटल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर तो दिसला तेव्हा कळलं. आई दोन महिने खाली उतरली नाही. तुमच्या ₹३४० च्या गणितात आईचे दोन महिने कुठे बसतात? फिजिओथेरपीचे पैसे आम्हीच भरले.

मी त्याला फाशी द्या म्हणत नाहीये. पण 'बिचारा कच्चा कैदी' एवढंच वाचून चिडचिड झाली.

---

रानजाई | मंगळवार, रात्री १०:५२

गारवा, तुमची चिडचिड रास्त आहे. पण बघा, तो आत असता तरी आईंना फिजिओचे पैसे मिळाले असते का? नसतेच. तुरुंगावरच्या खर्चातला एक रुपयाही तक्रारदाराकडे येत नाही. तो सुटताना तुम्हाला कळवलं नाही, हा जामिनाच्या तत्त्वाचा दोष मानायचा की व्यवस्थेच्या ढिलाईचा? मला दुसरं वाटतं.

---

गारवा_०७ | मंगळवार, रात्री ११:०४

वाटणं ठीक आहे. टपरीवर तो मला दिसला, तुम्हाला नाही.

---

वकीलबाई | बुधवार, सकाळी ९:४०

गारवा, दोन गोष्टी कायद्यात तुमच्या बाजूच्या आहेत. लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या सुनावणीतही, म्हणणं मांडायचा हक्क आहे. आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी आरोपीला शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही. तुमच्या प्रकारात किती मिळेल हे राज्याच्या योजनेत काय बसतं त्यावर आहे, पण अर्ज करून ठेवा. जामिनाच्या अटीत 'तक्रारदाराच्या परिसरात फिरकू नये' हे घालून घेता येतं. सरकारी वकिलांना भेटून सांगावं लागतं, ते आपणहून मागतीलच असं नाही.

---

उंटावरून | बुधवार, सकाळी १०:१५

पर्याय म्हणजे तो पुण्याचा ३०० शब्दांचा निबंध का? 😀

---

बोकापंत | बुधवार, सकाळी १०:२२

आलाच निबंध. मी वाटच बघत होतो.

---

वकीलबाई | बुधवार, दुपारी १:५०

निबंध आल्याशिवाय हा धागा पुरा झाला नसता, मान्य. मे २०२४, पुण्यातलं कल्याणीनगर, अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला आणि बाल न्याय मंडळानं त्याला जामिनाच्या अटीत निबंध लिहायला सांगितला. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, तीही बाल न्यायाच्या कायद्याखाली. पण लोकांच्या डोक्यात 'तुरुंगाला पर्याय = निबंध' हे कायमचं बसलं. त्या एका आदेशानं या विषयाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी विरोधकानं केलं नसेल.

खऱ्या समाजसेवेच्या शिक्षेचं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) ती आली, पण मोजून सहा गुन्ह्यांना. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अब्रूनुकसानी, सरकारी नोकरानं बेकायदा धंदा करणं, फरारीची उद्घोषणा होऊनही हजर न राहणं, सरकारी कामात अडथळा म्हणून आत्महत्येचा प्रयत्न. संपली यादी. किती तास, कुठे, कोण बघणार, हे संहितेत नाही. एखादे न्यायाधीश रुग्णालयात पाठवतील, एखादे रस्ता झाडायला लावतील.

यापेक्षा कितीतरी मोठं हत्यार १९५८ पासून म्यानात पडलंय: परिविक्षेचा कायदा, म्हणजे प्रोबेशन. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर दोषी ठरलेल्यालाही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. एकवीसच्या आतल्याला तर अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचं असेल तर कारणं लिहावी लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कायद्याखाली सुटलेल्याच्या माथी दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता बसत नाही. प्रत्यक्षात? अर्जच होत नाहीत. कित्येक वकिलांना शिक्षेच्या मुद्द्यावर बोलताना 'दया दाखवावी' यापलीकडे काही सुचत नाही. परिविक्षा अधिकारी जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यांच्या गळ्यात बालकांच्या संस्थांची कामंही. अहवाल मागवला की तारखा लांबतात, म्हणून कुणी मागवत नाही.

---

हिशेबनीस | बुधवार, सायंकाळी ६:३०

बाहेरचं एक उदाहरण देतो, नॉर्वे नाही, घाबरू नका. अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य. तिथे जामिनाचा धंदा चालायचा, आरोपीसाठी पैसे भरणाऱ्या कंपन्या असायच्या. २०१७ पासून त्यांनी रोख जामीन जवळपास बंद केला. त्याऐवजी आरोपीची पार्श्वभूमी बघून धोका मोजायचा, कमी असेल तर सोडायचं आणि तारखेची आठवण करून द्यायची, फारच जास्त असेल तर सुनावणी घेऊन आत ठेवायचं. २०१५ च्या अखेरीपासून २०१८ च्या अखेरीपर्यंत खटल्याआधी आत असलेल्यांची संख्या ४४ टक्क्यांनी उतरली. रिकाम्या खोल्यांचा हिशेब मला पटतो तो असा.

जीपीएस कड्याचा इथे उल्लेख झालाय. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या एका आरोपीला जामिनावर सोडताना पायात घातलं. माझं मत विरोधी आहे. ज्याला साध्या जातमुचलक्यावर सोडता आलं असतं त्याच्याच पायात ते अडकणार, कारण तो निमूट घालून घेईल. तुरुंग रिकामे होणार नाहीत, नजरकैद तेवढी वाढेल. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये आरोपीनं गूगल मॅपवर आपलं ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहायची अट रद्द केली, ते बरं केलं.

---

टांगमारू | बुधवार, रात्री ८:०५

कोविडमध्ये सोडलेच होते ना हजारो? काय दिवे लावले?

---

कुलूपकिल्ली | बुधवार, रात्री ८:४४

टांगमारू, चांगला प्रश्न विचारलात, चुकून का होईना.

२३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना समित्या नेमून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या प्रकरणांत सोडण्याचा विचार करायला सांगितलं. सोडले. काही जण परत आले नाहीत, हे खरं, त्यांना शोधत पोलिसांना फिरावं लागलं. पण हजारोंनी बाहेर काढूनही २०२१ च्या अखेरीस देशात आत किती होते? ५,५४,०३४. कोविडआधीपेक्षा पाऊण लाख जास्त! मागच्या दारानं काढले तेवढे पुढच्या दारानं आले. त्यामुळे नुसतं सोडण्यावर माझा भरवसा नाही. मुळात आणता कशाला, हे विचारा. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलंय की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, नोटीस द्या, अटक केली तर कारणं लिहा. कारणांचा छापील फॉर्म येतो आमच्याकडे, टिकमार्क केलेला. सगळ्या रकान्यांवर टिक.

बिहारच्या दारूबंदीचंही तेच. २०१६ मध्ये कायदा आला, तुरुंग आणि न्यायालयं दारूच्या प्रकरणांनी भरली, शेवटी २०२२ मध्ये पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडायची दुरुस्ती करावी लागली. विधानसभेत कायदा करताना 'याला किती बराकी लागतील' असं कुणी विचारत नाही.

---

संपादक मंडळ | बुधवार, रात्री ९:३०

वरील प्रतिसादानंतर आलेले पक्षीय स्वरूपाचे काही प्रतिसाद काढले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

---

सांजवात | गुरुवार, सकाळी ६:४०

एरवी फक्त वाचते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत होता, म्हणून लिहिते. वकिलाला वीस हजार, तेही व्याजानं काढलेले. दर मुलाकातीला एका कामाचा खाडा. आत कँटीनसाठी मनीऑर्डर, कारण साबण-बिस्किटं त्यातूनच घ्यायची. मुलाची नोकरी पहिल्या आठवड्यातच गेली. सून माहेरी. पुढे तो निर्दोष सुटला. कर्ज मावशींच्या डोक्यावर अजून आहे. निर्दोष सुटलेल्याला काही भरपाई मिळते का हो?

---

वकीलबाई | गुरुवार, सकाळी ११:१५

सांजवात, तसा सरसकट हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तशी शिफारस केलीये, ती तशीच पडून आहे. क्वचित कुणाला उच्च न्यायालयात जाऊन मिळते, पण मावशींनी पुन्हा वकील लावायचा कुठून?

---

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी १२:०५

मी वर सरकारच्या वहीतला खर्च मोजत होतो. सांजवात यांनी दुसरी वही उघडली, आणि ती कुणीच लिहीत नाही. व्याजाचे वीस हजार, खाडे, गेलेला पगार धरला तर काही महिन्यांत हे कुटुंब सरकारपेक्षा जास्त खर्च करून बसतं. ₹११८ हा माझाच आकडा मला आता फार शहाणा वाटत नाही.

---

रानजाई | गुरुवार, रात्री ९:१०

सगळ्यांचं वाचलं. माझा आग्रह अजून तोच, उलट कुकिकाकांमुळे एक पायरी मागे गेला: अटकेपासूनच सुरुवात करायला हवी. त्यानंतर जामीनदार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ चांगलं आहे. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटका, बाकीच्यांना निम्म्यावर. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये ते जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. पण जन्मठेपेचे गुन्हे वगळलेत, आणि एकाहून जास्त केसेस असतील तरी वगळलंय. भुरट्या चोरावर एकच केस असते असं कधी होतं का? पोलीस ठाण्यातले न सुटलेले तीन गुन्हे त्याच्याच नावावर चढतात. म्हणजे ज्याच्यासाठी कलम, तोच बाहेर.

गारवांचा मुद्दा मात्र मी बाजूला टाकणार नाही. जामिनाचा आदेश तुरुंगाला ईमेल होऊ शकतो तर तक्रारदाराला एसएमएस का जाऊ शकत नाही? यंत्रणा तीच, एक नंबर जास्त.

---

गारवा_०७ | गुरुवार, रात्री ९:३२

याला +१. बाकी सगळ्याला नाही.

---

नवखा_वाचक | शुक्रवार, दुपारी ४:१८

वकीलबाई, एक विचारायचं होतं. आमच्या चाळीतल्या एका मुलाला जामीन मिळून पंधरा दिवस झाले, पण जामीनदार नाही म्हणून आतच आहे. त्याचे वडील मला राहा म्हणतायत. मुलगा वाईट नाही, पण बायको म्हणते भानगडीत पडू नका. तो पळाला तर मला आत टाकतील का?

---

वकीलबाई | शुक्रवार, सायंकाळी ५:४५

नवखा, नीट समजून मगच ठरवा. तुम्ही हमी घेता ती त्याला तारखांना हजर ठेवण्याची. त्याच्या गुन्ह्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तो आला नाही तर तुम्हाला नोटीस येते, कारण सांगायची संधी मिळते, आणि बंधपत्राची रक्कम भरावी लागू शकते. न्यायालय त्यातली काही माफही करू शकतं. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर मात्र सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे, ते लपवत नाही. पुढे भरवसा उडाला तर हमीतून मोकळं करा असा अर्ज कधीही देता येतो.

आधी एक करा. मुलाच्या वडिलांना १५१०० वर फोन लावायला सांगा, विधी सेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे. सात दिवस उलटून गेलेत, म्हणजे तुरुंगातून प्राधिकरणाला कळवलेलं असायला हवं. नसेल तर सचिवांना लेखी अर्ज, जातमुचलक्यावर सोडण्यासाठी. महिना व्हायची वाट बघू नका. कदाचित तुमची गरजच पडणार नाही.

---

नवखा_वाचक | शुक्रवार, सायंकाळी ६:०३

धन्यवाद. आणि राहायचंच झालं तर पगाराच्या पावत्या किती महिन्यांच्या न्यायच्या? मी कंत्राटी आहे, चालतं का?

---

वकीलबाई | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

तीन महिन्यांच्या न्या, सोबत कंपनीचं ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. कंत्राटी असल्याचं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी लिपिकच नाही म्हणतो. त्यानं नाही म्हटलं तर परत फिरू नका, वकिलाला न्यायाधीशांपुढे सांगायला लावा. रेशनकार्ड मूळच न्या, झेरॉक्स बघत नाहीत. याआधी कुणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहून द्यावं लागेल.